वळणावरचं पेंढ्याचं घर

आमच्या माहेरच्या घराचे फोटो काढायला हल्ली लोक थांबतात. गाडीतून उतरतात, गॉगल डोक्यावर चढवतात, "किती ऑथेंटिक ना!" म्हणतात आणि जाताजाता विचारतात, "आत कोणी राहतं का?" आत माझे बाबा राहतात. ते दारातच बसून हे सगळं ऐकत असतात. एकदा त्यांनी एका बाईंना उत्तर दिलं, "न्हाय, मी पन फोटोच काढायला आलोय."

भिवंडीजवळचं आमचं पूर्णा गाव आता गोदामांचं झालंय. जिथं आमची भाताची खाचरं होती तिथं निळ्या पत्र्यांची गोदामं उभी आहेत, इतकी लांबलचक की या टोकाच्या माणसाला त्या टोकाच्या माणसाशी बोलायचं तर फोनच लावावा लागतो. साबणापासून फ्रिजपर्यंत मुंबईला लागणारं सगळं सामान आमच्या शेतात येऊन मुक्काम करतं आणि पुढं जातं. या सगळ्याच्या मधोमध, कंटेनर जिथं वळतात नेमक्या त्या वळणावर, आमचं घर आहे. दगडाच्या भिंती, वर भाताच्या पेंढ्याचं छप्पर आणि दार इतकं बुटकं की आत शिरणाऱ्यानं मान वाकवलीच पाहिजे. बाबा म्हणतात, हे मुद्दाम केलंय, माणसानं नम्र होऊन आत यावं. आई म्हणते, लाकूड कमी पडलं असेल.

घर नेमकं कोणी बांधलं याबद्दल आमच्या भावकीत एकमत नाही. एकमत झालं तर ती भावकी कसली! बाबांच्या आजोबांच्या जन्माआधीपासून ते उभं आहे एवढं मात्र सगळे मान्य करतात. दगडांबद्दल बाबांची गोष्ट अशी, की आम्ही खाडीकाठची माणसं, मिठागरात राबणारी. इथून मीठ घेऊन गेलेलं गलबत रिकामं परत यायचं तेव्हा वाऱ्यानं कलंडू नये म्हणून तळाला दगड भरायचे. इथं पोचलं की दगड काठावर फेकायचे आणि पुन्हा मीठ भरायचं. ते फेकलेले दगड आमच्या कोणा पूर्वजानं डोक्यावरून वाहून आणले आणि मातीत बसवून भिंती उभ्या केल्या. म्हणून आमच्या भिंतीत एक दगड काळा, एक तांबूस, एक भुरका. बाबा एकेका दगडावर हात ठेवून तो कुठला ते सांगतात. "हा रत्नागिरीचा. हा गुजराथचा." मी शाळेत असताना विचारलं होतं, कसं ओळखतोस? तर म्हणाले, "गुजराथचा दगड गोड असतो." मी चाटून पाहिला. खारट होता.

माझ्या दादाच्या मते हे दगड किल्ल्याचे आहेत. कुठल्या किल्ल्याचे, ते समोर कोण बसलंय त्यावर ठरतं.

पाया खणताना मधोमध खडक लागला. फोडायला गेले तर पहारी वाकल्या. मग पूर्वजांनी आमच्या घराण्याला शोभेल असा निर्णय घेतला: खडक हलत नसेल तर त्याला आतच घ्यायचं. त्यामुळे आमच्या माजघरात मधोमध गुडघ्याएवढा खडक आहे, आणि घरातल्या प्रत्येकाच्या पायाचं एखादं तरी नख त्यानं घेतलेलं आहे. लग्नानंतर पहिल्यांदा येणाऱ्या जावयाला त्यावर बसायचा मान असतो. माझा नवराही बसला. उठताना हळूच मला म्हणाला, "तुमच्याकडे खुर्ची नाही का?"

एवढ्या जाड भिंती उभ्या करता करता पूर्वजांचा दम संपला असावा, कारण वर त्यांनी बांबूचे वासे टाकून पेंढा घातला आणि हात झटकले. पुढं कौलं आली, पत्रे आले, स्लॅब आला. गावातल्या सगळ्या घरांनी आपापल्या डोक्यावरचं बदललं. आमचं घर मात्र वरून तसंच राहिलं आणि आजूबाजूला वाढत गेलं. बाबांच्या आजोबांनी पुढं पडवी काढली. तिचा उतार मूळ छपराशी जुळेना, त्यामुळे पावसाचं पाणी दोघांच्या सांध्यातून उतरून थेट पाहुण्यांच्या अंथरुणावर पडायचं. पाहुणे कमी झाले, म्हणून सांधा कोणी दुरुस्त केला नाही. नंतर दोन जावांचं पटेना, तेव्हा मागच्या अंगाला दुसरं स्वयंपाकघर निघालं. मधल्या भिंतीत एक कोनाडा मात्र आरपार ठेवला, कारण भांडण झालं तरी मीठ आणि विस्तव मागावा लागतोच. एकमेकींचं तोंड न बघता त्या कोनाड्यातून कितीतरी वर्षं वाट्यांची ये-जा चालू होती.

वीज आली तेव्हा वायरमननं पेंढ्याकडं बघून हातच जोडले. शेवटी लोखंडी पाइपातून वायर आणली आणि दगडी भिंतीला चिकटवून एक बल्ब लावला. त्यामुळे आमच्याकडे भिंत लख्ख दिसते आणि माणसं अंधारात बसतात. दादाच्या लग्नात वहिनीच्या माहेरची मंडळी येणार म्हणून घाईघाईनं संडास-बाथरूम जोडलं, गुलाबी टाइल्सचं. शेवटची सुधारणा म्हणजे डिश अँटेना. बाबांनी ती हट्टानं छपरावर बसवून घेतली. ती पेंढ्यात हळूहळू रुतत गेली तसे एकेक चॅनेल गेले. शेवटी भजनाचं तेवढं राहिलं, मग बाबांनी टीव्हीच विकला.

दादानं शेजारी बंगला बांधला. दुमजली, संगमरवरी फरशी आणि पुढच्या अंगणात वहिनीच्या हौसेचं कारंजं, त्यात तोंडातून पाणी सोडणारा मासा. गृहप्रवेशाच्या पूजेचा धूर विझायच्या आत आई आपली ट्रंक घेऊन तिकडे राहायला गेली. मला वाटलं होतं, तिला जड जाईल. छे! "चुलीनं माझे डोळे खाल्ले," ती म्हणाली, "पेंढ्यातल्या उंदरांनी माझी लुगडी खाल्ली. आता त्या घराला अजून काय घालू खायला?" बाबा गेले नाहीत. आई त्यांना दोन्ही वेळचा डबा पाठवते, वरून रोज शिव्याही पाठवते. संध्याकाळी बाबा बंगल्यावर सिरियल बघायला जातात. जाहिरात लागली की "आपलं घर बरं" म्हणून उठतात, आणि जाहिरात संपायच्या आत परत येऊन बसतात.

माझं सासर भिवंडी शहरात, निजामपुऱ्यात. तिथं कापड विणणाऱ्या लूमची खडखड एवढी की नवरा-बायकोला भांडायचं तरी हातवारे करून भांडावं लागतं. म्हणून असेल, पण माहेरच्या त्या दगडी घरात शिरलं की पहिल्यांदा कानांना बरं वाटतं. भर उन्हाळ्यात आत गारवा. मी तिथं आडवी झाले की उठत नाही. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढच्या भांडणात मी कोणाच्या बाजूची होते ते कळेल. मी काही न्यायाधीश नव्हते.

पेंढ्याच्या घराला दर वर्षी नवा पेंढा लागतो. उन्हाळा सरत आला की शाकारणी करायची. कुजलेलं काढायचं, किडलेले बांबू बदलायचे, आणि खालून वर एकेक पेंढी काथ्यानं बांधत जायचं. हे मजूर लावून करायचं काम नव्हे. भावकीतल्या प्रत्येक घरातून माणूस यायचा, आपल्या हातानं एक पेंढी छपरावर घालायचा आणि मग मटण-भाकरी जेवायला बसायचा. या पेंढीचा आमच्यात एक नियम आहे. ज्या हातानं छपरावर पेंढी घातली, त्या हातानं ते छप्पर पाडायचं नाही. कोणाला पाडायलाही लावायचं नाही. हे बंधन त्या वर्षाच्या पेंढ्यापुरतं, पुढच्या शाकारणीला ते नव्यानं घ्यायचं. पाडलं तर काय होतं, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. आत्याला विचारलं की ती नुसते डोळे मोठे करायची. आम्हाला तेवढं पुरायचं.

दादा त्या नियमाला घाबरतो. दादा म्हणजे गळ्यात जाड चेन, हातात दोन फोन, गोदामवाल्यांशी हिंदीत, भावकीशी आमच्या भाषेत आणि बँकेत गेला की माझ्यासारख्या शुद्ध मराठीत बोलणारा माणूस. पण मांजर आडवी गेली तर गाडी मागं घेतो. मागच्या शेतावर उभं राहिलेलं मोठं गोदाम त्यानंच भाड्यानं दिलेलं. त्याच्यावर त्याचं घर चालतं, त्याची मुलं शिकतात. आणि त्या गोदामाकडे जाणारा कंटेनर वळताना आमच्या पडवीच्या कोपऱ्याला अडतो. ड्रायव्हर मागं घेतो, पुढं घेतो, क्लीनर खाली उतरून "आने दो, आने दो" ओरडतो, मागं गाड्यांची रांग लागते आणि बाबा पडवीत बसून ड्रायव्हरला सल्ले देतात. गोदामाच्या मॅनेजरनं अखेर दादाला सांगितलं, वळण मोकळं करून द्या, नाहीतर आम्हाला दुसरी जागा बघावी लागेल. म्हणजे एका बाजूला बाबांचं घर आणि दुसऱ्या बाजूला दादाचा संसार. मधे ते वळण.

दादा काही दुष्ट नाही. त्यानं बाबांसाठी तोडगा आणला होता. बंगल्याच्या मागं एक खोली बांधायची आणि तिच्यावर छप्परही घालायचं, रिसॉर्टवर असतं तसं, प्लास्टिकच्या पेंढ्याचं. तो नमुना घेऊन आला तेव्हा मी तिथंच होते. पिवळाधमक झुपका, गॅरंटीसकट. बाबांनी तो हातात घेतला, वास घेतला, दातानं चावून बघितला.

"ह्याच्यात उंदीर पन येनार न्हाय," बाबा म्हणाले.

"तेच तर सांगतोय ना बाबा! उंदीर न्हाय, वाळवी न्हाय, गळनार न्हाय."

"जिथं उंदीर ऱ्हायला तयार न्हाय तिथं मी ऱ्हाऊ?"

दादानं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं. भिंत छान दिसत होती.

त्यानंतर दोनच दिवसांनी बाबांनी जाहीर केलं, की यंदाची शाकारणी मोठी करायची. नुसती भावकी नव्हे, सगळ्यांना बोलवायचं. गोदामाचा मॅनेजर, वॉचमन, कंटेनरवाले, जो दिसेल तो. आई म्हणाली, "म्हातारपनी लग्न करायचा इचार हाय काय?" मला मात्र बाबांचा डाव लगेच कळला, मी त्यांचीच मुलगी ना. ज्या ज्या माणसाचा हात त्या घरावर पडायची शक्यता होती, त्या प्रत्येकाच्या हातात बाबांना पेंढी द्यायची होती.

पण पेंढा आणायचा कुठून? आमच्या गावात भात आता फक्त ताटात दिसतो. शेवटी मी आणि बाबा वज्रेश्वरीकडे निघालो, एसटीनं. तिकडे अजून शेती आहे, पण कापणी बऱ्याच ठिकाणी मशीननं होते आणि मशीन पेंढ्याचा भुगा करतं. बाबांना हवा होता हातानं कापलेला लांब पेंढा. बाबा आधी गरम पाण्याच्या कुंडात जाऊन बसले. मी म्हटलं, आपण पेंढा बघायला आलोय. तर म्हणाले, "घाईनं पेंढा बघू नये. माणूस निवांत पायजे." लालबुंद होऊन बाहेर आले आणि मग दारोदार फिरून त्यांनी रचून ठेवलेल्या पेंढ्याच्या उडव्या बघितल्या. कुठं पेंढीला वाकवून बघ, कुठं कानाशी हलवून बघ. एका शेतकऱ्यानं वैतागून विचारलं, "गाईला घालायचाय की गाईला इचारून घ्यायचाय?" अखेर त्याच्याकडचाच घेतला.

पेंढ्यानं भरलेला टेम्पो भिवंडीत शिरला आणि अडकला, जसे सगळेच अडकतात. आम्ही पुढं ड्रायव्हरशेजारी बसलेलो. मागं बघते तर दोन बकऱ्या आमच्या छपराला लागल्या होत्या. बाबा उतरून त्यांच्याशी भांडायला लागले. ते परत आल्यावर ड्रायव्हरनं विचारलं, "चाचा, ये चारा किधर उतारने का है?"

"चारा नहीं रे, घर है," बाबा म्हणाले.

त्यानं आरशात एकदा नीट बघितलं. "बाकी का घर किधर है?"

शाकारणीच्या दिवशी सकाळपासून गर्दी. चुलत भाऊ आले, सगळे पांढऱ्या शर्टात. जमिनी गेल्यापासून आमच्याकडे पुरुष मातीत जायचं असेल तरी पांढरंच घालतात. पेंढी कशी धरतात ते निम्म्यांना आठवत नव्हतं. एकानं उलटी घातली, एकानं पेंढीबरोबर आपला फोनही छपरात खोवला आणि मग सगळ्यांनी मिळून त्याला रिंग दिली. मॅनेजरला बाबांनी खास मानानं पुढं केलं. त्या बिचाऱ्याला वाटलं सत्कार आहे. तो बूट काढून, नमस्कार करून, शिडीच्या दोन पायऱ्या चढला आणि पेंढी ठेवून टाळ्या वाजायची वाट बघत उभा राहिला. बाबांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या.

दादा मात्र सकाळपासून रस्त्यापलीकडे उभा होता, दोन्ही हात पँटच्या खिशात घालून. कोणी पाण्याचा ग्लास पुढं केला तरी हात बाहेर काढायला तयार नाही, न जाणो त्यात पेंढी द्यायचे. मटणाचा वास रस्ता ओलांडून त्याच्यापर्यंत पोचला असावा, कारण थोड्या वेळानं त्यानं आपल्या धाकट्या लेकीला निरोप देऊन पाठवलं: नुसतं जेवलं तर चालतं का? यावर पडवीत गंभीर चर्चा झाली. एक चुलते म्हणाले, शाकारणीचं जेवण म्हणजे अर्धी पेंढी. दुसरे म्हणाले, अर्धी पेंढी कुठं असते काय? शेवटी आत्यानं निकाल दिला, "जेवन पोटात जातं, घरावर न्हाय. जेव म्हनावं." तरी दादा हलला नाही.

आणि मग जेसीबी आला. तो दादानंच बोलावला होता, रस्ता सपाट करायला म्हणून. सपाटीकरण कुठपर्यंत जाणार होतं ते सगळ्यांना कळत होतं. ड्रायव्हर बिहारचा, पोरसवदा, मिशा अजून फुटत होत्या. दादा फोनवर बोलत होता तेवढ्यात बाबा त्या पोराकडे गेले, त्याला हाताला धरून आणलं आणि पेंढी दिली. "अरे, हमारे गाँव में भी ऐसा ही घर है," असं म्हणत तो आनंदानं वर चढला, पेंढी घातली आणि जेवायलाच बसला. दादाचा फोन संपेपर्यंत तो दुसऱ्या भाकरीवर होता. कोणीतरी त्याला नियम समजावून सांगितला. त्यानं हातातला घास खाली ठेवला, दादाकडे बघितलं आणि म्हणाला, "सेठ, अब मेरे हाथ से तो नहीं होगा." पुन्हा घास उचलला.

पडवीत एकच हशा उसळला. मीही खूप हसले. आमचे बाबा म्हणजे बाबाच, असं मी मॅनेजरलासुद्धा सांगितलं.

दादा रस्ता ओलांडून आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "पुरे झालं, बाबा," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "भिवंडीत जेसीबीची काय कमी हाय? उद्या दुसरा येईल. तो ह्या गावचा नसेल, तो जेवनार न्हाय, तो तुला वळखनार पन न्हाय."

खरंच होतं ते. पेंढी घालून घालून किती हात बांधणार? बाबांनी आजूबाजूला बघितलं, जणू अजून कोणी राहिलंय का ते शोधत होते. मग त्यांनी एक पेंढी बगलेत मारली आणि शिडी चढायला लागले. छपराच्या अगदी माथ्यावर, आढ्यावर, शेवटची पेंढी घरधनी बांधतो. ती तेवढी राहिली होती. मी पळत जाऊन शिडी खालून धरली.

बाबा वर पोचले. आढ्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसले, पेंढी बांधली. आम्ही वाट बघत राहिलो, पण ते खाली येईनात.

"उतरा आता, भात निवतोय," आईनं खालून हाक मारली. बाबा बसून.

"बाबांनी आंदोलन सुरू केलं!" एक चुलत भाऊ ओरडला आणि सगळ्यांना ते एकदम पटलं. बाबांचा स्वभावच तसा. फोन बाहेर निघाले, व्हिडिओ सुरू झाले. दोघांनी घोषणाही दिली, पण पुढं काय म्हणायचं ते न सुचल्यानं ती अर्धवटच राहिली. मॅनेजर घाबरून मला विचारायला लागला, की बातमी तर होणार नाही ना? वहिनीनं आईला विचारलं, "असे किती वेळ बसतील?" आई म्हणाली, "माझ्यावर रागवून एकदा दोन दिवस जेवले नव्हते."

मी शिडीपाशी होते, सगळ्यात जवळ. मला बाबांची मूठ दिसत होती. काथ्याचा दोर त्यांनी असा आवळून धरला होता की बोटं पांढरी पडली होती. हे आंदोलन नव्हतं. मी दादाकडे बघितलं, आणि त्यालाही ते दिसलंय हे मला कळलं. त्यानं खिशातले हात काढले, चपला उडवल्या आणि माझ्या डोक्यावरून शिडी चढून गेला.

वरचं बोलणं फक्त मला ऐकू आलं.

"बाबा, चल."

"पाय उचलत न्हाय रं माझा." बाबांचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. "खाली बघितलं आनि हातपायच गेले. कुनाला बोलू नको."

आयुष्यभर या छपरावर मांजरासारखा फिरलेला माणूस. मला रडूच आलं, आणि शिडी धरलेली असल्यानं डोळे पुसता येईनात.

दादा खाली वळून केवढ्यांदा तरी ओरडला, "ऐकत न्हाय म्हातारा! बोलतो, घर पाडनार न्हाय असं कबूल कर, तवाच उतरन!"

खाली जल्लोष. बाबा त्याच्याकडे बघतच राहिले. "मी कवा बोललो?" ते कुजबुजले.

"गप बस तू," दादा कुजबुजला, आणि पुन्हा मोठ्यानं, "बरं! न्हाय पाडत! झालं?"

"फिर कंटेनर का क्या?" मॅनेजरनं खालून विचारलं. पेंढी घालूनही तो नोकरी विसरला नव्हता.

"कंटेनर माझ्या अंगनातनं वळव! कंपाउंडची भिंत पाडतो मी!"

"कुठली भिंत?" वहिनी.

"पुढची!"

"अहो, पुढं माझं कारंजं आहे!"

तोवर वर दादा बाबांचा पाय मुठीत धरून शिडीवर आणत होता. बांबूच्या शिडीच्या पायऱ्या लांब लांब, त्यात बाबांचा पाय चाचपडत होता, सापडत नव्हता. मग दादानं स्वतः खालच्या पायरीवर उभं राहून वरच्या पायरीवर आपला तळवा ठेवला आणि त्यावर बाबांचा पाय घेतला. दुसरा हात, दुसरा पाय. बांबू आणि बाबांची टाच यांच्यात दादाची बोटं. तो एकेक पायरी असाच उतरत आला, आणि सबंध वेळ तोंडानं भांडत होता. "आता तरी खूश? गोदाम गेलं तर जबाबदार तू! अजून काय पायजे ते पन बोलून टाक!" बाबांनाही हळूहळू कळलं आणि ते दम लागलेल्या आवाजात, "बोलनार! अजून लय बोलनार!" म्हणायला लागले. "बघा, पाया पडत उतरवतोय बापाला," आत्या कौतुकानं म्हणाली. मॅनेजरनं यावेळी आपण होऊन टाळ्या वाजवल्या.

मी बाजूला झाले. दादा माझ्याकडे न बघता पुढं गेला. बाबांचे पाय जमिनीला लागले, त्यांनी एकदा शिडीला टेकून श्वास घेतला आणि मग छाती काढून पडवीत शिरले.

पंगत बसली. नियमानं बघायचं तर दादाचे हात अजून मोकळेच होते, त्यानं पेंढी घातलेलीच नव्हती, पण हे कोणाच्या ध्यानात आलं नाही, आणि माझ्या आलं तरी मी कशाला बोलू? वहिनी वाढायला आली नाही. ती बंगल्याच्या गच्चीवर उभी राहून आपलं कारंजं बघत होती. मला तिचं वाईट वाटलं, खरंच वाटलं. आईनं मटण वाढलं. बाबांना आता जोर आला होता. "सरकारला वाकवनं सोपं," ते पंगतीला सांगत होते, "पोटच्या पोराला वाकवनं अवघड. मी बोललो, मेलो तरी उतरनार न्हाय!" चुलत भाऊ माना डोलावत होते. जेसीबीवाला पोरगा तर बाबांकडे देवाकडे बघावं तसा बघत होता.

दादा बाबांच्या शेजारी बसला होता. त्यानं भाकरी मोडायचा प्रयत्न केला आणि थांबला. त्याची बोटं सुजून लाल झाली होती, वाकत नव्हती. त्यानं हात गुडघ्याखाली घेतला आणि उगाच इकडेतिकडे बघायला लागला.

बाबांची गोष्ट तेव्हा ऐन रंगात आली होती. घोषणा, व्हिडिओ, सगळं त्यात आलं होतं. बोलताबोलता त्यांनी दादाच्या ताटातली भाकरी उचलली, तिचे लहान लहान तुकडे केले, रश्श्यात नीट बुडवले आणि ताट त्याच्याकडे सरकवलं. मग दुसरी भाकरी घेतली आणि तीही मोडायला लागले. "शेवटी पोरगा हात जोडून बोलला, बाबा, उतर!" ते पंगतीला सांगत होते. "इचारा त्याला. खोटं हाय काय?"

"खरं हाय," दादा म्हणाला, आणि मान खाली घालून जेवायला लागला.